चव्वेचाळिसावं चाक

पहिल्याच भेटीत किष्णोजीअण्णांनी माझं खोडरबर नापास केलं. बेळगावहून येऊन बेंगळूरच्या एका मोटारगाड्यांच्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. खाकी कोट आणि काळी टोपी घातलेला एक बुटका माणूस माझ्या टेबलाशी आला. नाव-गाव न विचारता त्याने खोडरबर उचललं, अंगठ्याचं नख त्यात रुतवलं आणि उमटलेल्या खुणेकडे बघत उभा राहिला. खूण भरून येईना. "मेलंय की हो हे," तो म्हणाला, "कागद फाटतील तुमचे. दुसरं मागून घ्या." मग त्याची नजर माझ्या चपलेच्या टाचेकडे वळली. मी पाय मागे घेतला.

रबर दिसलं की नख लावायचं, ही त्यांची सवय सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. कोणाच्या घरी बारशाला गेले तरी आधी दुधाच्या बाटलीचं बूच तपासत, मग बाळाकडे बघत. "नखाची खूण भरून आली म्हणजे जीव हाय," ते म्हणत. "नाही आली, तर वरून कितीही चमकू दे."

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी असे आणि माझ्या मराठीला ते पुस्तकी म्हणून हसत. काम नमुनेघरात. कारखान्याच्या दर्शनी दालनात काचेचं मोठं कपाट होतं. त्यात लॉरी, बस, जीप अशा अकरा गाड्या, वीतभर लांबीच्या, अण्णांनी आणि त्यांच्या दिवंगत उस्तादांनी हाताने केलेल्या. चाकं पितळेची, त्यांवर खऱ्या रबराचे टायर. दर सोमवारी सकाळी अण्णा कपाट उघडत आणि चव्वेचाळीस चाकं एकेक करून पाव फेरी फिरवत. मी कारण विचारलं.

"एकाच कुशीवर किती दिवस झोपाल तुम्ही, बेळगावकर? रबर खालून चपटं होतंय, तिथंच तडकतंय. गाडी चालून म्हातारी होत नाही, उभी राहून होतीय."

तरीही टायर जुने होत. मग अण्णा दवाखान्यासमोरच्या दुकानातून रबरी नळी आणत, ती मापाच्या लाकडी दांड्यावर चढवून छोट्या लेथवर फिरवत आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं ब्लेड टेकवून कडी कापून घेत. कडी चाकावर अशी बसायला हवी की ती निसटू नये आणि ताणलीही जाऊ नये. या दुसऱ्या अटीवर ते कोणाचंच ऐकत नसत. "ओढून बसवलेलं रबर त्याच दिवसापासून मरायला लागतंय. आपल्याला वर्षानं कळतंय, एवढंच."

अशा माणसाच्या वाट्याला आमचे प्रसिद्धी अधिकारी आले होते. साहेबांचा चकाकीवर फार विश्वास. त्यांच्या खोलीतल्या कुंडीतल्या झाडाची पानंही शिपाई पुसत असे. एका दसऱ्याला अण्णा रजेवर असताना साहेबांनी आयुधपूजेचा थाट काचेच्या कपाटापर्यंत नेला. अकरा गाड्यांना झेंडूची फुलं, चाकांखाली लिंबाच्या फोडी, आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून त्यांवर खोबरेल तेल. फोटो उत्तम आला. मग तीन दिवस सुट्टी.

चौथ्या दिवशी अण्णांनी कपाट उघडलं. तेल पिऊन टायर फुगले होते. त्यांनी एकाला हात लावला, तर वरचं काळं बोटाला चिकटून आलं. त्या दिवशी त्यांनी नख लावलं नाही. "अय्यो," एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

दहा दिवसांनी दिल्लीहून एक बडे पाहुणे यायचे होते. साहेबांनी तोडगा काढला: लाकडी चाकं करायची, काळा रंग द्यायचा आणि गाड्या फळीवर कायमच्या डकवायच्या. "म्हणजे दर सोमवारची ही कटकटही संपेल," ते म्हणाले. त्या कटकटीला आपण एक माणूस नेमलेला आहे आणि तो समोर उभा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"न फिरणारं चाक म्हणजे कोटाचं बटण की हो, स्वामी," अण्णा म्हणाले. "मला दहा दिवस द्या. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस घालतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर डकवा."

अण्णांनी एवढी मोठी पैज इतक्या शांतपणे लावली की मलाच घाम फुटला. ते मात्र रोज येऊन नळ्या कापत, कड्यांना पावडर लावत, एकेक चाक बोटाने फिरवून कान देत. नवव्या दिवशी त्रेचाळीस टायर झाले. लॉरीच्या मापाची जाड नळी तेवढ्यावर संपली. पुढची मद्रासहून यायची होती, आणि ती काही येईना.

एक तुकडा हाती होता, पण किंचित लहान. मी म्हटलं, "अण्णा, ताणून बसवा. कोणाला कळणार?"

"सोमवारी मला कळंल की."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी साहेबांनी कपाट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दहा गाड्या आपल्या चाकांवर ऐटीत उभ्या होत्या. अकरावी, लॉरी, एका बाजूने बोटभर लाकडी जॅकवर उचललेली. जॅक अण्णांनी तेवढ्यासाठी केला होता. नुसतं पितळी चाक शेजारी टेकवून ठेवलेलं.

"हे काय?"

"गाडी दुरुस्तीला हाय."

"आहे ते बसवा. पाहुणे फाटकात आले!"

"बेडा, स्वामी, नको. डकवायचं तर उद्या डकवा. आज खोटं बसवणार नाही."

पाहुणे आले. साहेबांचं भाषण ऐकत ते एकेका गाडीपुढून पुढे सरकत होते, लग्नात अनोळखी नातेवाइकांपुढून माणूस सरकतो तसे. लॉरीपाशी मात्र थांबले, वाकले आणि हिंदीत म्हणाले, "पंक्चर?"

"नाही साब. मापाचं रबर नाही," अण्णांनी आपल्या हिंदीत सांगितलं. "लहान हाय, ते ओढून बसवता आलं असतं. पण मग ते तडकतंय."

पाहुण्यांनी उमेदीची वर्षं लष्कराच्या गाड्यांखाली उताणं पडून काढली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि एक बस बोटाने ढकलली. ती आवाज न करता फळीच्या टोकापर्यंत गेली. अर्धा तास दोघे रबरावर बोलत होते. साहेब भाषणाचा उरलेला कागद हातात धरून उभे होते.

लाकडी चाकांचा विषय पुन्हा निघाला नाही. अहवालात साहेबांनी लिहिलं की जॅकवरची लॉरी ही त्यांचीच कल्पना. तो अहवाल मीच टंकित केला. पण त्यातून नवंच संकट उभं राहिलं. पंधरा दिवसांनी मद्रासची नळी आली, अण्णांनी टायर कापला, आणि साहेबांनी तो बसवायला मनाई केली. पाहुण्यांना लॉरी अशीच आवडते! अण्णांनी टायर पावडर घालून तपकिरीच्या डबीत ठेवला. दोन वर्षं दर सोमवारी त्रेचाळीस चाकं फिरवून झाली की ते डबी उघडत, नख लावत, पुन्हा बंद करत.

ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी निरोपाचं भाषण केलं. त्यात अण्णांचं नाव दोनदा आलं, एकदा चुकीचं. मग भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. अण्णा हात जोडून म्हणाले, "घड्याळ नको, स्वामी. एक चाक बसवायची परवानगी द्या."

शंभर माणसांसमोर नाही म्हणणं साहेबांना जमलं नाही. अण्णांनी डबी काढली, टायर चढवला, चाक बसवलं आणि जॅक अलगद ओढून घेतला. लॉरी चार चाकांवर उभी राहिली. कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. "सोमवारी कारकुनाला तसंही स्वल्प कामच असतंय."

चार वर्षांनी एका रविवारी ते गेले. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, दहा गाड्यांची चाकं पाव पाव फेरी फिरवली. लॉरीपाशी आलो, तिचीही तीन फिरवली आणि त्या शेवटच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. चंद्रकोरीसारखी खूण उमटली. मी बघत उभा राहिलो. खूण हळूहळू भरून आली. मग तेही चाक पाव फेरी फिरवलं.