नवव्या मजल्यावरचा दिवस

नवरा धनपाल वारल्यावर अक्काताईंना हुपरीत एकटं ठेवायला मुलगा अनेकांत तयार नव्हता. अक्काताई हो म्हणाल्या नाहीत आणि नकोही म्हणाल्या नाहीत. २००७ च्या मार्चात दोन ट्रंका घेऊन त्या कोल्हापुरात नवव्या मजल्यावर राहायला आल्या.

अनेकांत ज्या आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा, त्यांनीच ही अकरा मजली इमारत बांधली होती. कोल्हापूरच्या मानाने गगनचुंबीच. फाटकावर ‘पर्यावरणपूरक’ असं लिहिलं होतं. खिडक्यांवरचे रुंद छज्जे अनेकांतने स्वतः काढले होते, ऊन आत येऊ नये म्हणून. कठड्यावर वेली होत्या, गच्चीवर बाग होती, आणि आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा झाडांना जात होतं.

जमेची बाजू मोठी होती. एप्रिलात गावभर वीज जायची तेव्हाही या घरात पंख्याची आठवण होत नसे. मधल्या पोकळीतून वारा खालून वर चढायचा. लिफ्ट सौर बॅटऱ्यांवर चालणार होती, पण बॅटऱ्या अजून यायच्या होत्या. वीज गेली की अक्काताई घरातच बसत. तसं वीज असतानाही त्या कुठे जात नव्हत्या. खाली उतरून भेटावं असं कोणी नव्हतं, आणि भेटावंसं वाटतही नव्हतं.

हुपरीत त्या उंबऱ्याजवळ बसून पैंजणांना घुंगरं बसवायच्या. संध्याकाळी धनपाल दारात उभे राहून स्वतःचा तळहात उघडायचे. “रेषा दिसत्यात अजून. जेवून घे,” म्हणायचे. सूर्य मावळल्यावर घास घ्यायचा नाही, हा त्यांच्या जैन घरचा नेम. तळहाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की जेवणाची वेळ टळली. जन्मभर त्यासाठी अक्काताईंनी घड्याळ पाहिलं नव्हतं.

इथे सून रुचिता बँकेतून आली की साडेपाचला ताट वाढायची. अक्काताई स्वयंपाकघरात जात, हात उघडत, आणि रेषा दिसत नसत. छज्जा आणि वेली यांच्यामागे ओटा अंधारलेला असे. इथला दिवस लहान असेल, असं त्यांनी धरून घेतलं. त्या ताट झाकून ठेवत आणि पाणीही न पिता जपाला बसत. भूक लागली होती का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मे उजाडेपर्यंत दंडातली वाकी कोपरापर्यंत घसरू लागली. एका संध्याकाळी बाहेरच्या खोलीतलं बोलणं त्यांच्या कानावर आलं.

“आज्जीनं पण अशीच सुरुवात केलती,” अनेकांत दबक्या आवाजात म्हणत होता. “आधी एक वेळ सोडली. मग धान्य. मग पाणी.”

“मग विचारा की त्यास्नी. भिंतीशी काय बोलताय?” रुचिता म्हणाली.

तो आत आला आणि आईसमोर खाली बसला.

“आई, सल्लेखनेचं व्रत धरलंयस काय? जायचं ठरवलंयस काय तू?”

अक्काताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. आपल्याला त्याचं वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. वाटलं मात्र काहीच नाही.

“कसलं व्रत? रेषा दिसंनात. अंधारात घास कसा घेऊ?”

“अगं, सहाबी वाजले न्हाईत. सूर्य वर हाय की.”

“असंल. इथं न्हाय.”

त्याने ओट्याजवळ जाऊन स्वतःचा हात उघडला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“ट्यूब लावतो.”

“ट्यूबवर चालत असतं तर रातभर जेवले असते.”

रुचिता दारात उभी होती. “घर गार केलंसा,” ती म्हणाली, “माणसाला उजेड ठेवायचा ऱ्हायला.”

अनेकांत छज्ज्याकडे बघत राहिला. तो तोडता येणार नव्हता. वरच्या आणि खालच्या सगळ्या घरांचा गारवा तसल्याच छज्ज्यांवर होता. मग त्याने ताट उचललं. तेवढ्यात वीज गेली. जिन्याने तो पुढे आणि अक्काताई मागे, दर वळणावर थांबत, अशी ती दोघं गच्चीवर पोचली.

वर लख्ख ऊन होतं. बागेला पाणी घालणारा केरबा सरकून बसला.

“आजी, ढगात पंगत हाय व्हय?”

अनेकांतने आईपुढे तळहात उघडला. “दिसत्यात,” तो म्हणाला. “जेव.”

हात धनपालांसारखा नव्हता. बोटं लांब होती आणि अंगठ्यावर शाईचा डाग होता. पण रेषा दिसत होत्या. अक्काताईंनी भाकरी मोडली. तिला चव नव्हती. गेल्या सालापासून कशालाच नव्हती. त्या सावकाश जेवल्या, सगळं संपवलं, ताटात पाणी ओतून बोटांनी धुतलं आणि नेहमीप्रमाणे ते पिऊन टाकलं.

“ते झाडाला घालायचं की,” केरबा म्हणाला. “हितं पाणी वाया जाऊ देत न्हाईत.”

“वाया कुठं गेलं?” अक्काताई म्हणाल्या.

अनेकांतने ताट हातात घेतलं. “उद्या पण वर येऊया?”

त्यांनी आपला हात उन्हात धरून पाहिला.

“ये ताट घेऊन,” त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.