राहिलेला नव्हे, ठेवलेला चौकोन

आबा कोणत्याही घरात शिरले की घरातल्या माणसांच्या आधी भिंतींची विचारपूस करीत. उजव्या हाताची बोटे मुडपून पेरांनी टकटक करायची, कान टेकवायचा आणि मग वळून सांगायचे, "आतनं पोकळ हाय. वरनं लय झ्याक दिसतीय." भिंतीसमोर असे थबकणारे जुने गवंडी तुम्हीही पाहिले असतील. आबा टाकवे बुद्रुकचे.

मी लोणावळ्यातल्या एका बँकेत घरकर्जाच्या टेबलावर बसतो. ज्यांच्याकडे पगाराचा कागद नाही, अशांनाही सरकारच्या हमीवर, घर तारण ठेवून दुरुस्तीसाठी कर्ज मिळते. मात्र ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्याचे काम माझ्यासारख्याने जागेवर जाऊन पाहायचे, पूर्ण झाल्याचा शेरा मारायचा, तेव्हा पुढची रक्कम सुटते. या कामानिमित्ताने आबांची आणि माझी गाठ पडत असे.

खर्चाचा अंदाज ते पेन्सिलीने लिहून आणीत. मी पेनाने मागितला की हसत. "सायेब, भिंत फोडल्याबिगर आत काय हाय ते तिला बी ठावं नसतं. मी कशाला पेन झिजवू?"

तळेगावात एका निवृत्त प्राध्यापकांना मुलीच्या लग्नाआधी ओल आलेली भिंत फक्त रंगवून हवी होती. आबांनी टकटक केली. "रंग द्या की सर. पन हिला पडसं झालंय, आन तुमी पावडर लावताय." प्राध्यापकांना राग आला, मग हसू आले, आणि अखेर भिंत खोदली गेली.

त्यांची एक रीत मात्र मी दुसऱ्या कोणा गवंड्याकडे पाहिली नाही. दुरुस्त केलेल्या भिंतीत ते छातीच्या उंचीवर वीतभर चौकोन गिलाव्याशिवाय उघडा ठेवीत. आतले दगड कसे बसवले, सिमेंट कुठवर भरले, हे त्यातून दिसे. घरमालकाने पाहावे, बँकेच्या माणसाने पाहावे, मगच तो बुजवायचा. "झाकल्यावर समद्यांचं काम सारकंच दिसतं," असे ते म्हणत.

हे मला फार उशिरा कळले. त्याची किंमत कुसगावच्या एका मावशींना मोजावी लागली असती.

या मावशी एका हॉटेलात भाकऱ्या करतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घराची मागची भिंत ओलीने फुगली होती आणि वरचे पत्रे गंजून चाळणी झाले होते. आधी भिंत, मग छप्पर, असे दोन टप्प्यांचे कर्ज मंजूर झाले. पावसाळ्यापूर्वी छप्पर होणे अत्यावश्यक होते. मे महिन्याच्या अखेरीस मी पाहणीला गेलो. त्या दिवशी आणखी दोन घरे पाहायची होती, आणि जमिनीवर ओल्या सिमेंटचा चिखल होता. माझे बूट नवे होते. मी उंबऱ्यातूनच डोकावलो, चौकोन पाहिला आणि लिहिले, 'गिलावा अपूर्ण.'

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आत या की सायेब. आबांनी तुमच्यासाटनं..."

"पुन्हा येईन," मी म्हणालो आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी आबा बँकेत आले. टोपी हातात धरून उभे राहिले. आवाजात तक्रार नव्हती.

"सायेब, त्यो चौकोन ऱ्हायलेला न्हाई. ठिवलेला हाय. तुमी बगनार म्हून."

त्याच क्षणी मी उठायला हवे होते. मोटारसायकल खालीच उभी होती. पण शेरा बदलायचा तर आपण आत गेलोच नव्हतो, असे लिहून द्यावे लागले असते. मी म्हणालो, "फाइल वर गेली आहे आबा. आता पुढच्या पाहणीपर्यंत थांबावे लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. सारे त्यांना समजले असावे. "बरं," ते म्हणाले. "मग छपराचं मी बगतो."

काय बघितले, ते मला श्रावणात कळले. आबांच्या पत्नी पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. शिपायाने सहज विचारपूस केली तेव्हा हसत सांगू लागल्या, "औंदा आमच्या म्हशी पडवीत, आन आमी चुलीपाशी! म्हाताऱ्यानं गोठ्याचे पत्रे काढून कुसगावला न्हेऊन टाकले. मी भांडले, तर म्हनतो, म्हशीला इचारलं, तिनं मान हलवली. बँकेतला सायेब तेवडी बी हलवत न्हाई."

तो साहेब मीच, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी खाली मान घालून कागद चाळत राहिलो.

दुसरा टप्पा दसऱ्यानंतर सुटला, तोही मोबाइलवर मागवलेल्या, त्या चौकोनाच्या छायाचित्रावरून. कुसगावला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर आबा अनेक घरांत भेटले. माझा दंड धरून मला थेट चौकोनापुढे नेऊन उभे करीत. "आदी बगा, मग लिवा." कुसगावचे नाव त्यांनी एकदाही काढले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक घरात बूट काढून आत जातो. हा माझा गुण नव्हे, त्यांनी न रागावता लावलेली शिस्त आहे.

यंदा हिवाळ्यात आबा गेले. मी टाकव्याला भेटायला गेलो. गोठ्यावर तेच पत्रे परत आले होते. दोन छपरांच्या खिळ्यांची भोके त्यांवर होती, जुनी भोके डांबराने नीट बुजवलेली. परतताना मी मोटारसायकल कुसगावला वळवली.

मावशींनी ओळखले. घर स्वच्छ होते, भिंतीला फिकट निळा रंग होता, मध्यभागी एक कॅलेंडर. त्यांनी ते उचलून धरले. मागे तो चौकोन तसाच होता.

"हा बुजवला नाहीत?"

"आबा म्हनले व्हते, सायेब बगून गेल्याबिगर बुजवायचं न्हाई. तुमी येतो म्हनला व्हता न्हवं?"

मी जवळ गेलो. दगडाला दगड घट्ट बसला होता, सांध्यांतून सिमेंट काठोकाठ भरले होते. मी बोटे मुडपून शेजारच्या गिलाव्यावर टकटक केली. आवाज भरीव आला.

"बगितलंत?"

"बघितले."

"मग आता बुजवू का?"

मी चौकोनातल्या दगडांवरून हात फिरवत राहिलो. मी हात मागे घेतल्यावर मावशींनी कॅलेंडर पुन्हा त्यावर हळूच सोडले.