तीन गावांनी ओटी भरलेली डाळ मशीन

ती मशीन आजही आठवते आणि निवृत्तीतही हात शिवशिवतात. कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका महिला बचत गटाची अध्यक्ष धापा टाकत आत आली.

"साहेब, बिगीबिगी चला. आमची डाळीची मशीन टेम्पोत घालून चालवलीय."

त्या गावच्या बायका दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. यंदा गावातच तुरीची डाळ करायची, कोयता सोडायचा, असं ठरवून त्यांनी एका पुरवठादारामार्फत मशीनसाठी अर्ज केला होता. अर्धं अनुदान सरकारचं, अर्धं एका धर्मादाय संस्थेचं. पाहणी झाली की पैसे थेट पुरवठादाराला. काल पाहणी झाली, फोटो निघाले, आणि आज मशीन निघाली.

स्टेशन डायरीला नोंद घातली आणि जीप काढली. टेम्पो वेशीबाहेरच गाठला. पुरवठादार पक्का गोडबोल्या.

"बेल्टचं काम निघालंय साहेब, संध्याकाळी आणून देतो. नवीकोरी मशीन आहे, परवाच कारखान्यातून उचलली."

बिल चोख होतं. चौकशीला म्हणून त्याला टेम्पोसकट ठाण्यात आणला खरा, पण माझ्या हाती काहीच नव्हतं. अध्यक्षबाई मात्र ठाण मांडून बसली होती.

"काल आमी मशीनची ओटी भरली साहेब. तर चाळनीखाली आदीच कुनीतरी भरल्याली. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

पंच बोलावले, चाळणी काढली. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या आणि तीन खण! हिरवा यांचा. मग जांभळा आणि पिवळा कुणाचा? आनंदानं मला उडी मारावीशी वाटली.

पुरवठादार हसला. "कारखान्यात पूजा करूनच मशीन पाठवतात."

"व्हय का?" बाई म्हणाली. "कारखान्यातले बापे नारळ फोडत्यात. ओटी कवापासनं भराया लागले?"

आमची महिला शिपाई फिसकन हसली. गड्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं, प्यायला, आणि घडाघडा बोलू लागला. एकच मशीन त्यानं तीन गावांत दाखवली होती. वरचं कुंकू प्रत्येक वेळी पुसायचा, पण बायका ओटी आत घालतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

गुन्हा दाखल झाला, मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहिली. तिच्याकडं बघत बाई म्हणाली, "चोर घावला साहेब, पन आमचा कोयता काय सुटला न्हाई."

हे मला लागलं. पंचनाम्याची प्रत घेऊन मी कृषी कार्यालयात गेलो, संस्थेला फोन लावला. बायकांनी या वेळी मध्यस्थ टाळून स्वतः अर्ज केला, दुकानात जाऊन स्वतः मशीन चालवून बघितली. दसऱ्याआधी मंजुरी आली तेव्हा ठाण्यात मीच पेढे वाटले.

आरोपी सापडला की पोलिसाचं काम संपतं, फिर्यादीचं संपत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

मशीन आली त्या दिवशी मी ऐटीत पुढं झालो, तर बाई म्हणाली, "तुमी मागं सरा साहेब, आदी ओटी." मी मागं सरलो. दसऱ्याला त्यांनी मशीनशेजारी कोयतेही पुजले. पूजा झाल्यावर ते उचलून पुन्हा आढ्याला खोचून ठेवले.