राखीव गोलरक्षकाचा भाव

लुसियन गोतिएला ऑरेस्ट कितपत ओळखत होता, असं विचारलं तर खरं उत्तर 'बेताचंच' असं आहे. वॉरन लेक गावच्या, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या संघाच्या स्केटना धार लावणं हे ऑरेस्टचं काम. कित्येक हिवाळे लुसियनचे स्केट त्याच्या हाताखालून गेले. त्यावरून माणसाच्या पायाचं माप कळतं, मनाचं नाही.

लुसियन राखीव गोलरक्षक. सामना असला की टोपी घालून बाकाच्या टोकाला बसायचा. त्याची खरी मेहनत सरावात, सगळ्यांनी मारलेला पक, ती टणक रबरी चकती, अंगावर घेण्यात. शिवाय राखीवाला एक रीत पाळावी लागे. सामन्याच्या दिवशी सकाळचा सराव संपताना, ज्या गड्याचे गोल आटले असतील त्याला एकदोन करू द्यायचे. गड्याला मात्र पत्ता लागता कामा नये. म्हणून त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

"एक हिवाळा तरी मला जाळ्यासमोर उभं राहायचंय, म्हातारबा," लुसियन एकदा ऑरेस्टला म्हणाला होता. "गुडघे अजून ऐकतायत तोवर."

त्या जानेवारीत तशी संधी आली. शेजारच्या ब्रँडल गावच्या गोलरक्षकाचं मनगट मोडलं. बदल्यात एक चांगला बचावपटू द्यायला ते तयार होते. नावं दोन निघाली: लुसियन, आणि एल्क क्रॉसिंग संघाचा राखीव गोलरक्षक टपर. न्हाव्याच्या दुकानात दोघांचा भाव ठरू लागला.

"टपर तरणा आहे."

"तरणा आहे, पण पक समोर आला की डोळे मिटतो."

"आणि तुमचा लुसियन? खेळलाय कधी?"

"खेळला तेवढे सामने जिंकलाय!"

"समोर कोण होतं रे? तळाचे संघ! त्यांच्यापुढे माझी सासूही जिंकेल."

"तुझी सासू जाळ्यात मावली की पक जायला जागा कुठे उरणार?"

दुकान हसलं. पण मुद्दा खरा होता. राखीव म्हणजे झाकली मूठ. ती उघडून पाहायला ब्रँडलचे व्यवस्थापक हाल्डरसन स्वतः आले. धान्याचे व्यापारी, उभ्या जन्मात बर्फावर उतरलेले नव्हते. आले तेही नेमके सामन्याच्या दिवशी सकाळी. कॉफीचा पेला घेऊन वरच्या बाकावर बसले.

लुसियनने त्यांना पाहिलं होतं. त्या सकाळी तो भिंतीसारखा उभा राहिला. ऑरेस्ट कठड्याशी उभा राहून पाहत होता. मग शेवटी संघातला डेसी पुढे आला. नाताळापासून त्याच्या काठीला गोल लागला नव्हता.

पहिला फटका लुसियनने अडवला. दुसराही अडवला. डेसीने काठी कठड्याच्या फळीवर आपटली. हाल्डरसन पुढे झुकले होते. लुसियनने मुखवटा वर करून पाण्याचा घोट घेतला, पुन्हा जागेवर आला. तिसरा फटका त्याच्या दोन पायांमधून गेला. चौथा खांद्यावरून. डेसीने दोन्ही हात उंचावून आरोळी ठोकली, बाकीच्यांनी बर्फावर काठ्या बडवल्या.

हाल्डरसन खाली उतरले. "चांगला आहे," ते प्रशिक्षकाला म्हणाले, "पण शेवटी शेवटी ढेपाळतो."

प्रशिक्षकाने तोंड उघडलं आणि मिटलं. डेसी हाताच्या अंतरावर स्केट सोडत बसला होता, हसत होता.

ब्रँडलने टपरला घेतलं. त्या दिवशी संध्याकाळच्या सामन्यात डेसीने गोल केला. लुसियन बाकावरून उठून ओरडला, इतरांइतकाच.

ते दोन गोल त्याने सोडले, की गुडघ्याने दगा दिला, हे ऑरेस्टने विचारलं नाही. विचारायचं मनात पुष्कळदा आलं. वसंतात लुसियनने खेळ सोडला. क्वेबेकला, बायकोच्या गावी, कागद गिरणीत नोकरी मिळाली होती. पुढे तो तिकडेच वारला. क्वेबेकला निघण्याआधी तो स्केट न्यायला ऑरेस्टच्या दुकानात आला होता.

"धार लावून देऊ?" ऑरेस्टने विचारलं.

"नको. पोरीला गोठलेल्या नदीवर स्केटिंग शिकवायचंय. तिच्याबरोबर हळू जायला बोथटच बरे."

"नाडी तुटायला आलीय बघ ही."

"तुझ्याकडे आहे एखादी?"

"पांढरी आहे. तुझी दुसरी काळी."

"चालेल."