उजवीकडचा चेहरा

तो फोटो मीच काढला होता, पाटणला, बहिणीच्या अंगणात. माझी मुलगी शेंगा सोलत बसली होती आणि आत्याच्या कशावर तरी तोंड भरून हसत होती. ओठाखाली, हनुवटीपर्यंत उतरलेला कोडाचा पांढरा डाग. तो दहावीत उठला. मग औषधं, मलमं, आणि घराबाहेर पडताना डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ. सांगलीला, विश्रामबागेत कॉलेजला गेल्यावर एक दिवस ती फोनवर म्हणाली, "पप्पा, स्कार्फ सोडला मी. लय गुदमरतं. बघणारी बघू देत."

"बरं केलंस," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "आता हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?" मनातलं खरं ते हेच होतं.

मी साताऱ्यात एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. मालाचे फोटो आणि लेबलं आता आपणच करायची असं साहेबांनी ठरवलं आणि पन्नाशीला टेकलेल्या मला रविवारच्या कॉम्प्युटर क्लासला धाडलं. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिसऱ्या रविवारी तिनं असाइनमेंट दिली : चेहऱ्याचा फोटो घ्या, त्यावरचा डाग घालवा, आधीचा चेहरा डावीकडे, नंतरचा उजवीकडे ठेवून फाइल जमा करा. बाकीच्यांनी आपापल्या मुरमांचे फोटो काढले. माझ्या कपाळावर लहानपणच्या खोकेचा व्रण आहे. तो तेव्हा मला सुचला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. सुचला होता. तरी मी मोबाइलमधून पाटणचा फोटो उघडला.

काम सोपं असतं. चांगल्या कातडीवर टिचकी मारली की तेवढा तुकडा उचलला जातो. तो डागावर ठेवायचा. मी फोटो इतका मोठा केला होता की चेहरा उरलाच नव्हता, नुसते रंगांचे चौकोन. त्या चौकोनांत कुणाची मुलगी नव्हती, म्हणून हात चालत राहिला. दीड तासानं फोटो लहान केला. दहावीच्या आधीची माझी पोर समोर हसत होती. मला ती जास्त आवडली. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

मॅडम मागे येऊन उभी राहिली. "आवं काका, कळतसुद्धा न्हाई कुठं काय होतं ते! कोण हाय ही?"

"नात्यातली हाय एक."

"आपल्या विश्रामबागच्या शाखेला पाठवू का? त्यांना दारावर लावायला असलंच कायतरी पायजे होतं."

"आता पार्टी द्या काका!" शेजारचा ओरडला. सगळे हसले. विश्रामबाग हा शब्द मी स्वच्छ ऐकला होता. तरी मान डोलावली आणि फाइल जमा केली.

दोन आठवडे काही झालं नाही. मग मुलीचा रोजचा फोन तुटक झाला. मग फोनऐवजी 'बरी आहे' एवढा मेसेज. तिसऱ्या दिवशी तोही नाही. मी रजा टाकली आणि सांगलीची एसटी धरली.

रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं. क्लासच्या काचेच्या दारावर माणसाच्या उंचीचं पोस्टर. डाव्या चेहऱ्यावर, डागाभोवती, त्यांनी लाल गोल काढला होता. दोन मुली समोर उभ्या होत्या.

"आपल्या वर्गातलीच हाय गं ही."

"तीच. परवापासनं आलीच न्हाई बघ."

आतला माणूस बाहेर आला. "काका, अ‍ॅडमिशन घ्यायचंय?"

"हे काढा."

"आवं, का? लोकं थांबून बघत्यात."

"माझी मुलगी हाय ती," मी म्हणालो. हे मी साताऱ्यातच म्हणायला हवं होतं. त्यानं पोस्टर उतरवलं, गुंडाळलं, रबर लावलं आणि माझ्या हातात दिलं.

तिची खोली दोन गल्ल्या पुढं. कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा ती घरातच होती, एकटीच होती, आणि स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधलेला होता.

"काढून आणलं गं मी," मी गुंडाळी पुढं केली. "कुणी लावलं काय म्हाईत..."

"आत्याच्या अंगणातला फोटो हाय त्यो," ती म्हणाली. "तुमच्या एकट्याच्या मोबाइलात होता, पप्पा."

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. "क्लासचं काम होतं गं. जमा करायचं होतं."

ती माझ्याकडे बघत होती. स्कार्फमुळे मला तिचे फक्त डोळे दिसत होते आणि त्यांवरून काही कळत नव्हतं.

"मग?" तिनं विचारलं. "पास झालासा?"

"झालो," मी म्हणालो.

तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. स्कार्फ सोडला नाही. गुंडाळी मी परतीच्या एसटीत मांडीवर आडवी धरून बसलो. ती आता घरी कपाटामागे उभी आहे. फाडावी म्हणून मी दोनदा बाहेर काढली. पण उजवीकडचा चेहरा फाडायचा तर त्याला जोडून डावीकडचाही फाटतो.