दुसरा बोंबील उलटा

माझी घिवलीची जनाआत्या. मी शिकलो तो तिच्यामुळे. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईने मासळी वाळवून मला पालघरच्या कॉलेजात पाठवलं. सुट्टीत तिच्याबरोबर बोंबील टांगत होतो, तेव्हा पुण्याहून माझ्या प्रयोगशाळेतल्या सरांचा फोन आला.

"उत्तर काय येतंय?"

"शून्यच, सर."

"सोमवारी वायू थंड करायच्या मशीनचा टाइम वाटणार. शून्य असेल तर तसं लिहून दे. मग तुझ्या नोकरीचं एक्स्टेन्शन कशाच्या जोरावर मागू?"

काम असं होतं. काही वायू निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केले की त्यांतल्या अणूंच्या जोड्या जमतात. नेहमीच्या जोडीत दोन वेगळ्या अवस्थांतले अणू असतात. ती जोडी सगळ्या दिशांनी सारखी. आमचे अणू मात्र एकाच अवस्थेतले, आणि प्रत्येक जण इवल्या लोहचुंबकासारखा. एकामागे एक आले की ओढतात, शेजारी आले की ढकलतात. त्यांची जोडी जमलीच, तर तिला दिशा असणार. माझा कोड शून्य म्हणत होता, म्हणजे जमतच नाही. तीन आठवडे मी ओळ न् ओळ तपासत होतो.

बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीच्या दोन बाजूंना सोडतात. माझ्या जोड्या वाळूत पडत होत्या.

"सायब झालास आन् बोंबील इसरलास," आत्या म्हणाली. "दोगांची तोंडा एकाच बाजूला हायेत. अडकणार नाय. दुसरा उलटा फिरव."

मी हात न धुताच लॅपटॉप उघडला. वेळ वाचावा म्हणून कोड निम्म्याच दिशांचं गणित करायचा आणि समोरच्या दिशांना तीच उत्तरं कॉपी करायचा. नेहमीच्या जोडीला ते चालतं. आमच्या जोडीत समोर चिन्ह उलटं हवं, अधिकचं उणे. जोडी जमू न देणारी ती ओळ नेहमीच्या जोडीच्या जुन्या कोडमधून जशीच्या तशी आली होती.

घिवलीत नेट धड चालेना. रिक्षाने बोईसर गाठलं आणि स्टेशनबाहेर उभ्यानेच दुरुस्त कोड पुण्याच्या कॉम्प्युटरवर चालायला पाठवला. सोमवारी सकाळी उत्तर आलं.

"जमते, सर. पण आपलं मशीन पोचतं त्याहून जास्त थंडीत."

"तेही लिही."

लिहिलं. मागितला त्याच्या निम्मा टाइम मिळाला, मला एक वर्ष. आमच्या मशीनवर ती जोडी अजून दिसलेली नाही. आपण न लिहिलेली ओळ आधी तपासावी, एवढं शिकलो. आत्याला पत्र टाकलं:

"आत्या, नोकरी वर्षभर राहिली. तू म्हणालीस तेच चुकलं होतं, दुसरा उलटा करायचा राहिला होता. सर म्हणाले, ज्यांनी चूक दाखवली त्यांचे शोधनिबंधात आभार मानू, पूर्ण नाव हवं. रेशनकार्डावर आहे तसं, तुझ्या हातानं लिहून पाठव."