खड्डा म्हणून लिहिलेली बारव

आमच्या चुलतसासऱ्यांनी मोजली नाही अशी एखादी वस्तू संभाजीनगर जिल्ह्यात अजून शिल्लक असेल, यावर माझा विश्वास नाही. मोजणी खात्यात त्यांनी उभा जन्म साखळी ओढली. शेताच्या एका टोकाला साहेब छत्रीखाली उभे आणि दुसऱ्या टोकाला काट्याकुट्यांत साखळी धरून आमचे चुलतसासरे, असा तो संसार. निवृत्त झाले तेव्हा साखळी सरकारजमा झाली, सवय तेवढी घरी आली. नवा पलंग दारातून आत येण्याआधी त्यांच्या वितीखालून जातो. ताटात भाकरी पडली की ते आधी तिचा घेर बघतात आणि काकूंना म्हणतात, "आज बोटभर आखडली जणू." एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत त्यांची पावलं ठरलेली आहेत. मध्ये कुणी बोलण्यात गुंतवलं आणि हिशेब चुकला, तर ते परत थांब्यावर जाऊन नव्यानं सुरुवात करतात.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहाआधी चौकटीला टेकवून उभं केलं. माझ्या परिचयपत्रात उंची पाच फूट आठ इंच होती. त्यांनी डोक्यावर पाटी आडवी धरली, खडूची खूण केली आणि भरल्या बैठकीत सांगितलं, "पाच-सहा हाय. दोन इंच कागदावर वाढलेत. बाकी पाव्हणा बरा दिसतोय." लग्न ठरलं. ते दोन इंच मात्र सासुरवाडीत माझ्या नावावर कायमचे बाकी राहिले.

गाव दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. जुन्या काळ्या दगडांची फरसबंदी वाट वेशीतून शिरते आणि गावामागच्या बारवेपर्यंत जाते. ही पायऱ्यांची विहीर आणि ती वाट संरक्षित आहे, असं सांगणारा निळा फलक वेशीत उभा आहे. त्या फलकापायी गावकऱ्यांना अंगणात चर खणायचा म्हटलं तरी परवानगी काढावी लागते. चुलतसासरे रोज सकाळी बारवेवर जाऊन उघड्या पायऱ्या मोजत आणि घराच्या दाराच्या फळीवर खडूनं आकडा लिहीत. येणारेजाणारे विचारत, "काका, पाणी?" ते म्हणत, "सतरा उघड्या." मग बायका त्या बेतानं धुणं काढत.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. बारा वर्षं मी त्या गावाला जात होतो, पण माझा गावाचा अभ्यास पाट, ताट आणि ओसरीवरची घोंगडी यांच्यापुढं कधी गेला नाही. जेवणानंतर "चला, बारव दावतो" असं चुलतसासरे दर वेळी म्हणत आणि मी दर वेळी "पुढच्या खेपेला नक्की" म्हणून आडवा होई.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण लपवून उपयोग नाही. मी शहरातल्या एका सल्लागार कंपनीत रस्त्यांचे नकाशे काढत असे. बजाजनगरातल्या घरून निघायचं, थंडगार खोलीत संगणकापुढं बसायचं आणि रेघा ओढायच्या. माझी रेघ सरळ असते अशी माझी ख्याती होती. निदान मी ती पसरवली होती. एके दिवशी टेबलावर सासुरवाडीचंच गाव आलं. पर्यटकांच्या बसगाड्या थेट डोंगरापर्यंत जाव्यात म्हणून रुंद काँक्रीटचा रस्ता करायचा होता. उपग्रहाच्या चित्रावर मी वेशीपासून एक देखणी सरळ रेघ ओढली. वाटेत गावामागं एक काळा चौकोन आला. मी क्षणभर थांबलो, शेजारच्याला चहाचं विचारलं आणि चौकोनावर लिहिलं, 'खड्डा. मुरूम टाकून भरणे.' संध्याकाळी बायकोला मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुझ्या माहेरी रस्ता मी नेतोय." तिनं त्या दिवशी शिरा केला. मी दोनदा घेतला.

उन्हाळ्यात यंत्र गावात आलं आणि पहिल्याच सकाळी त्यानं वेशीजवळची फरसबंदी उखडली. दगड ओढ्याच्या कडेला नेऊन टाकले. गाव जमलं. कामावरचा मुकादम म्हणाला, "चाचा, उप्पर से पास होके आया है. हमकू कायकू बोलते?" बोलण्यातून काही निघेना, तेव्हा काकूंनी पुढाकार घेतला. रस्त्यासाठी चुन्याच्या फक्कीची जी पांढरी रेघ मारली होती, तिच्यावरच गावातल्या बायकांनी खाटा टाकल्या, त्यांवर धोतरं अंथरली आणि कुरडया वाळत घातल्या. मुकादम विचारी, "कब उठाते?" काकू सांगत, "वाळल्यावर." दुसऱ्या दिवशी कुरडया वाळल्या, तर सांडगे आले. सांडग्यांमागून पापड. कुरडयांवर यंत्र घालायची हिंमत त्या चालकात नव्हती. तिसऱ्या दिवसापासून तो राखणच करायला लागला म्हणतात. चुलतसासरे बारवेच्या पहिल्या पायरीवर छत्री घेऊन बसले आणि त्यांनी शांतपणे एकच मागणी केली, "नकाशा दावा."

नकाशा आला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरून सबंध वाचला. उजव्या कोपऱ्यात खाली, नकाशा तयार करणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव होतं.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. "पाव्हणं, ऐतवारी या. मोजमापाचं थोडं काम हाय."

"काही विशेष, काका?"

"जेवून या. इथं आल्यावर झोपायचं नाय."

मी पोहोचलो तेव्हा त्यांनी ना आवाज चढवला, ना नकाशा दाखवला. सुंभाच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा. उतरा." ते पुढं, मी मागं. दहाबारा पायऱ्या उतरल्यावर वरचं ऊन संपलं. कोनाड्यांतून पारवे उडाले. भिंतीतले दगड चुन्याशिवाय असे बसलेले की मधे नख जाईना. एका कोनाड्यात पदर सावरून उभी असलेली दगडाची बाई होती. तिच्या पायाशी कुणीतरी सकाळीच वाहिलेली झेंडूची फुलं होती. खाली हिरव्या पाण्यात एक कासव आमची चाहूल घेऊन बुडालं. माझ्या कपाळावरचा घाम तिथं आपोआप वाळला आणि वेगळाच सुटला.

चुलतसासऱ्यांनी दोरी ताणली, वीत लावली आणि विचारलं, "खड्डा किती खोल भरला, पाव्हणं?"

मी खिशातला पेन चाचपला.

"लिवा की. आन मुरूम किती लागंल तेबी काढा."

"काका, वरून असं दिसत नाही."

"वरून म्हंजी कुठून?"

"उपग्रहावरून."

त्यांनी दोरी गुंडाळली. मग म्हणाले, "मंग उतरायचं की हो."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. अधिकारी आले, ठेकेदार आला, माझे साहेबही आले. मला पाहून साहेब खूश झाले. आपली बाजू मांडायला मी आधीच येऊन बसलोय, असं त्यांना वाटलं. चुलतसासऱ्यांनी नकाशा पारावर पसरला. त्याचा उजवा कोपरा आत दुमडून त्यांनी बाभळीचा काटा टोचून बंद केला होता. माझं नाव कुणाला दिसत नव्हतं. सभेत कुणी तरी ओरडून विचारलं, "पण खड्डा लिवला कुणी?" चुलतसासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "शहरातल्या कुणीतरी," ते म्हणाले, "ते सोडा, फुडचं बोला."

मला आयुष्यात धैर्य असं कधी आलेलं नाही. त्या दिवशीही नाही. मी उठलो तो केवळ बसवेना म्हणून. भाषण मनात बरंच मोठं जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "तो मी लिहिला. न बघता लिहिला. तो खड्डा नाही, बारव आहे. माझी रेघ चुकली."

मग बायकांतून काकूंचा आवाज आला, "आगं बया! याला आमी बारा वर्सं जेवू घातलं!" सगळी सभा हसली. अधिकारीही हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

काम थांबलं. नीट पाहणी झाली, कागद फिरले, आणि काही महिन्यांनी नवा नकाशा आला. त्यात रस्ता निम्म्या रुंदीचा झाला आणि बारवेला लांबून वळसा घालून गेला. वेशीजवळची उखडलेली वाट मात्र परत जुळली नाही. तिथं आता काँक्रीट आहे. दगड उचलून आणले तोवर निम्मे फुटले होते. कुठला कुठं बसत होता हे एकट्या चुलतसासऱ्यांना ठाऊक होतं आणि त्यांना कुणी विचारलं नाही. साहेबांनी मला कारखान्यांच्या वसाहतीतल्या गटारांच्या नकाशांवर बसवलं. मी तिथं प्रत्येक गटार आधी जाऊन बघतो. घरी आल्यावर बायको मला अंगणातच थांबवते.

परवा गेलो तेव्हा चुलतसासरे बारवेच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पायऱ्यांना मनाई केली आहे. दाराच्या फळीवरचा आकडा बऱ्याच दिवसांपासून तोच होता. मी चपला काढल्या आणि न सांगता उतरू लागलो. वरून आवाज आला, "मोठ्यानं मोजा." मी मोजत उतरलो. पाण्याला पाय लागले तेव्हा ओरडून सांगितलं, "एकवीस!"

"कासव हाय का?"

"आहे. पायरीवर बसलंय."

"बाईपुढं फुलं हायेत?"

"आहेत. आजचीच दिसतात."

मला वाटलं, मोजणी संपली. मी परत फिरलो आणि एक पायरी वर चढलो, तेवढ्यात ते म्हणाले, "पाव्हणं, घाई नगा करू. आणिक काय काय दिसतंय ते सांगा."

मी पुन्हा खाली बसलो आणि सांगू लागलो.